बाळ बाळसं का धरत नाहीये? ९ आठवड्यांच्या मुलीच्या आईला उत्तर

आधी प्रश्न थोडक्यात सांगते. मुलगी ९ आठवड्यांची आहे. जन्माचं वजन २.८ किलो, दवाखान्यातून घरी येताना २.६, पंधराव्या दिवशी २.८५. ४२ व्या दिवशी आशाताईंनी, म्हणजे गावच्या आशा सेविकेने, वजन केलं तेव्हा ३.६ आणि परवा, म्हणजे ६३ व्या दिवशी, ३.८५. बाळ पाच मिनिटं ओढतं आणि झोपून जातं, कधी मध्येच सोडून रडतं. दिवसभरात सहा-सात वेळा पितं, रात्री मात्र सलग सहा तास झोपतं. लंगोट चार-पाच ओले होतात, शी तीन दिवसांतून एकदा. आई अजून माहेरी आहे. घरी येणारा-जाणारा प्रत्येक जण म्हणतो, "तुझं दूध पातळ आहे, पोरीच्या अंगी लागत नाही, डबा सुरू कर." आईने विचारलंय, माझ्या दुधातच काही कमी आहे का? आणि आता मी काय करू?

मी बालरोगतज्ज्ञ आहे, गेली २४ वर्षं तालुक्याच्या गावी काम करते. हा प्रश्न घेऊन माझ्याकडे आठवड्याला दोन-तीन जणी तरी येतात.

पहिल्या प्रश्नाचं उत्तर छोटं आहे. नाही, तुमच्या दुधात काही कमी नाही. आईचं दूध दिसायलाच पातळ असतं. पाजायला घेतल्यावर सुरुवातीला येणारं तर निळसर, ताकाच्या निवळीसारखं दिसतं. म्हशीच्या दाट दुधाची सवय असलेल्या आपल्या डोळ्यांना ते पाणचट वाटतं, एवढंच. ज्या आयांना "दूध अंगी लागत नाही" असं ऐकावं लागतं, त्यांच्यातल्या बहुतेकींचं दूध उत्तम असतं. ते बाळाच्या पोटात पुरेसं पोचत नसतं. या दोन गोष्टी वेगळ्या आहेत. दूध निकस आहे असं मानलं की आई खचते आणि डबा उघडला जातो. दूध पोचत नाही असं कळलं, तर कुठे अडतंय ते शोधता येतं.

आणि याचा पुरावा तुम्हीच दिलाय. पहिल्या तीन महिन्यांत बाळाचं वजन रोज साधारण २० ते ३० ग्रॅम वाढावं. तुमच्या मुलीचं पंधराव्या दिवसापासून ४२ व्या दिवसापर्यंत, २७ दिवसांत, ७५० ग्रॅम वाढलं. रोजचे जवळजवळ २८ ग्रॅम, म्हणजे झकास. त्यापुढच्या २१ दिवसांत मात्र २५० ग्रॅम, रोजचे १२. आई तीच, बाळ तेच. ज्या दुधावर बाळ रोज २८ ग्रॅमनी वाढत होतं ते दूध तीन आठवड्यांत निकस कसं होईल? मधल्या काळात काहीतरी बदललंय, आणि ते आपल्याला हुडकायचंय.

पण काळजी करण्यासारखं आहे का असं विचाराल तर हो, आहे. "प्रत्येक बाळाची चण वेगळी" असं म्हणून सोडून देऊ नका. तुमच्याकडच्या माता-बाल संरक्षण कार्डात मुलींचा वाढीचा तक्ता असतो, त्यात हे आकडे भरून बघा. ४२ व्या दिवसाचा ठिपका हिरव्या पट्ट्यात, खालच्या कडेला, पडेल. परवाचा त्या कडेच्या किंचित खाली, पिवळ्यात जाईल. बाळ मुळात बारीक असेल पण रेषेला धरून वर चढत असेल, तर मी फारसं काही करत नाही. रेषा आडवी व्हायला लागली की मात्र थांबत नाही. "आपल्याकडची मुलं बारीकच असतात, हे तक्ते परदेशी" असं काही जण सांगतील, त्यांचं ऐकू नका. जागतिक आरोग्य संघटनेने २००६ साली काढलेले हे तक्ते सहा देशांतल्या मुलांवरून केलेत आणि त्यात दक्षिण दिल्लीतली बाळंही आहेत. शिवाय ते आईच्या दुधावर वाढलेल्या बाळांचे आहेत, म्हणून तुमच्या मुलीला तंतोतंत लागू पडतात.

मात्र घाबरण्याआधी काट्याची शहानिशा करा. आशाताईंचा झोळीचा काटा आणि दवाखान्यातला इलेक्ट्रॉनिक काटा यांच्यात १००-१५० ग्रॅमचा फरक मी कितीदा पाहिलाय. टोपडं, झबलं, ओला लंगोट आणि दुपटं मिळून सहज पाव किलो भरतं. नुकतंच दूध प्यायलेलं बाळ आणि तासाभरापूर्वी शी केलेलं बाळ यांच्या वजनातही फरक पडतो. म्हणून यापुढे काटा एकच, वेळ शक्यतो सकाळची, पाजण्याआधी, बाळ पूर्ण उघडं, आणि लागोपाठ दोनदा वजन. रोज करू नका. रोजचा आकडा वरखाली होतो आणि आईचा जीव टांगणीला लागतो. आठवड्यातून दोनदा पुरे.

आता, काय बदललं असेल?

एक गोष्ट तुमच्या हातातली नव्हती. आशाताईंच्या नवजात बाळासाठीच्या ठरलेल्या भेटी ४२ व्या दिवशी संपतात आणि पुढची ठरलेली भेट तिसऱ्या महिन्यात असते. गडचिरोलीत डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांनी घरोघरी नवजात बालसेवेचं जे काम उभं केलं, त्यातून या भेटींची पद्धत देशभर गेली आणि तिने पुष्कळ बाळं वाचवली. पण ४२ दिवस ते ३ महिने हा मधला काळ तसा मोकळाच राहतो. मधे एक लस असते, तिच्या वेळी वजन झालं तर झालं. आणि नेमक्या याच काळात घरातही बाळाभोवतीची घडी बदलते. सव्वा महिना झाला की बाळंतीण थोडी उठती-फिरती होते, पाहुणे येतात, बारसं होतं, बाळ हातोहाती फिरतं. पाजण्याच्या वेळा पुढे ढकलल्या जातात. त्या सहा-सातवर आल्यात, आधी दहा-बारा असणार. आठवून बघा.

दुसरी गोष्ट म्हणजे रात्रीची झोप. "रात्रभर झोपतं, गुणी बाळ आहे" असं सगळे कौतुकाने म्हणत असतील. भरपूर वाढणाऱ्या बाळाचं असेल तर मीही कौतुक करते. कमी मिळणारं बाळ मात्र भुकेने नेहमी रडतंच असं नाही. ते ताकद वाचवायला झोपतं, आणि झोपलं म्हणजे पोट भरलं असं आपण धरतो. त्या सहा तासांत तुमची छाती भरून राहते आणि शरीराला निरोप मिळतो की एवढ्या दुधाची गरज नाही. आमच्याकडे विहिरीबद्दल म्हणतात ते इथे अगदी खरं आहे, उपसा थांबला की पाझर कमी होतो. त्यात दूध तयार करणारं संप्रेरक रात्री जास्त असतं, म्हणजे नेमकी मोलाची वेळ वाया जाते.

तिसरी गोष्ट अंघोळ. मालिश, शेकशेगडी, कडकडीत पाण्याची अंघोळ, धुरी, आणि मग दुपट्यात घट्ट गुंडाळून चार तासांची झोप. मालिशला माझी काहीच हरकत नाही. आजीचा हात बाळाला लागावाच. पण बाळ न्हाऊन इतकं दमतं की एक पाजणं हमखास चुकतं. अंघोळीच्या अर्धा तास आधी पाजा, अंघोळ दहा मिनिटांत उरका, आणि झोपलं तरी अडीच-तीन तासांनी उठवा.

चौथी, गुटी. तुम्ही लिहिलं नाहीत, पण विचारते, कारण ती बहुधा असतेच. सहाणेवर वेखंड, हिरडा, मुरडशेंग, जायफळाचे वळसे उगाळून वाटीभर पाण्यात किंवा मधात देतात. आई-आजीच्या मायेबद्दल मला शंका नाही, पण वजन न वाढणाऱ्या बाळाला गुटी, मध, साखरपाणी, ग्राइप वॉटर, साधं पाणी, काहीही नको. पोट इवलंसं असतं. त्यात दोन-चार चमचे पाणी गेलं तर तेवढं दूध कमी गेलं. जायफळाने बाळ झोपाळतं. सहाण आणि पाण्यातून जंतू जातात. मध तर वर्षाच्या आत देऊच नये. त्यातून बॉट्युलिझम हा स्नायू लुळे पाडणारा आजार होऊ शकतो. सहा महिने पूर्ण होईपर्यंत आईच्या दुधाशिवाय पाण्याचा थेंबही लागत नाही, अगदी आपल्या एप्रिल-मेतही नाही. चोखणी देत असाल तर तीही काही दिवस कपाटात ठेवा. बाळाची चोखायची हौस तिथेच फिटते आणि भुकेची खूण आपल्याला दिसतच नाही.

आता मुख्य गोष्ट. उद्या सकाळचं एक पाजणं घड्याळ बाजूला ठेवून नुसतं बघा. शेजारी आईला किंवा नवऱ्याला बसवा, कारण पाजणारीला वरून बाळाचं तोंड नीट दिसत नाही. टीव्ही बंद. कान द्या.

बाळ सुरुवातीला भराभर, हलकं हलकं चोखतं. हे पान्हा फुटायच्या आधीचं चोखणं. मिनिटा-दोन मिनिटांत पान्हा फुटतो. काहींना छातीत मुंग्या येतात, काहींना काहीच जाणवत नाही, दुसऱ्या बाजूने थेंब गळायला लागतात तेवढंच. पान्हा फुटला की बाळाचं चोखणं बदलतं. हनुवटी खोल खाली जाते, क्षणभर थांबते, आणि मग बारीक "क्ख" असा आवाज येतो. तो गिळण्याचा आवाज. ओढ, थांब, गीळ, ओढ, थांब, गीळ. हाच आवाज मोजायचा. बाळ किती मिनिटं छातीला आहे याला काही अर्थ नाही. चाळीस मिनिटं नुसतं चघळत असेल तर चाळीस मिनिटांत चार घोट जातात. तुमचं बाळ पाच मिनिटांत झोपतंय. त्या पाचांतली किती मिनिटं गिळण्याची आहेत ते बघा. माझा अंदाज आहे की दीड-दोन. पान्ह्याबरोबर आपोआप येणारं दूध ते पितं आणि पुढे मेहनत करून ओढायची वेळ आली की थकून सोडतं.

तसं असेल तर पकड बघा. तोंड जांभईएवढं उघडं हवं, हनुवटी छातीत रुतलेली, खालचा ओठ बाहेर वळलेला, आणि निपलभोवतीचा गडद भाग बाळाच्या वरच्या ओठावर जास्त दिसायला हवा, खालच्या बाजूला जवळजवळ नाहीच. गाल फुगीर हवेत. गालांना खळ्या पडत असतील किंवा टचटच आवाज येत असेल, तर बाळ नुसतं निपल चोखतंय. सोडल्यावर निपलही बघा. गोल आणि लांबट असेल तर ठीक. चपटा, बोरूसारखा तिरपा झाला असेल, टोक पांढरं पडलं असेल किंवा चिरा असतील, तर पकड उथळ आहे हे पक्कं. "सुरुवातीला दुखतंच" असं म्हणून बायका दात-ओठ खाऊन सोसतात, त्याचं मला फार वाईट वाटतं. पहिले काही दिवस हुळहुळणं वेगळं. नवव्या आठवड्यात दुखत असेल तर पकड चुकतेय.

आपल्याकडे बहुतेक जणी मांडी घालून बसतात, बाळ मांडीवर उताणं, मान वळवून छातीकडे, आणि आई पाठीत वाकून. तुम्ही स्वतः मान खांद्याकडे पूर्ण वळवून पाण्याचा घोट घेऊन बघा, किती अवघड जातं ते कळेल. त्याऐवजी भिंतीला किंवा लोडाला टेकून बसा. डाव्या बाजूला पाजताना बाळ उजव्या हातावर घ्या: तळहात बाळाच्या खांद्यामागे, अंगठा आणि बोटं कानांच्या खाली मानेला आधार देणारी. डोकं मागून दाबू नका, दाबलं की बाळ उलट ताठ होतं. बाळ पूर्ण कुशीवर, पोट तुमच्या पोटाला चिकटलेलं, नाक निपलसमोर. डाव्या हाताने स्तन खालून धरा, बोटं गडद भागापासून लांब. निपलने वरच्या ओठाला हलकं टेकवा आणि थांबा. बाळ तोंड मोठं उघडेपर्यंत थांबा. हे थांबणंच सगळ्यांना जड जातं. उघडलं की बाळाला छातीकडे आणा, आधी हनुवटी टेकेल असं. छाती बाळाकडे न्यायची नाही. नाही जमलं तर करंगळी तोंडाच्या कोपऱ्यातून घालून सोडवा आणि पुन्हा. एका पाजण्यात चार-पाचदा सोडवावं लागलं तरी चालेल. वाचून हे कळणं कठीण आहे, म्हणून आयआयटी मुंबईच्या स्पोकन ट्युटोरियल प्रकल्पातले स्तनपानाचे मराठी व्हिडिओ बघा. बाळ कसं धरायचं ते त्यात सावकाश दाखवलंय. माझ्याकडे येणाऱ्या आयांना मी ते तपासणीच्या खोलीतच दाखवते.

पकड बसली आणि चोखणं हलकं झालं, की स्तन मागच्या बाजूने, छातीच्या जवळ, मुठीत धरल्यासारखा हळू दाबा आणि दाबून ठेवा. परत "क्ख" ऐकू येईल. गिळणं थांबलं की सोडा, हात थोडा फिरवून पुन्हा दाबा. झोपाळू बाळासाठी माझ्या माहितीतला हा सगळ्यात कामाचा उपाय आहे आणि याला पै लागत नाही. या बाजूला दाबूनही गिळेनासं झालं, की दुसरी बाजू. तिथलं संपलं की पुन्हा पहिली. "दहा मिनिटं इकडे, दहा तिकडे" सोडून द्या. फार झोपत असेल तर दुपटं काढा, लंगोट बदला, पाठीवरून हात फिरवा. तोंडावर पाणी मारू नका, तळव्यांना टिचक्या मारू नका.

चोवीस तासांत आठ ते बारा पाजणी व्हायला हवीत. दिवसा तीन तासांच्या वर मधे जाऊ देऊ नका, रात्री चारच्या वर नाही. आणि वजन सुधारेपर्यंत रात्रीची दोन पाजणी पक्की धरा. आईने रडण्याची वाट बघू नये. मुठी तोंडात घालणं, मान इकडेतिकडे वळवणं, ओठ चाटणं ही भुकेची सुरुवात. रडणं हा शेवट. रडून लाल झालेल्या बाळाला पकड घेताच येत नाही. तुमचं बाळ मध्येच सोडून रडतं, त्याचं एक कारण हे असू शकतं.

आता वरच्या दुधाचं बोलू. पकड सुधारायला पाच-सात दिवस लागतात, आणि तेवढे दिवस बाळाला अर्धपोटी ठेवणं मला मान्य नाही. अशक्त बाळ नीट ओढत नाही, नीट ओढलं नाही की आणखी अशक्त होतं. ते चक्र आधी तोडायचं. दर पाजण्यानंतर बाळ दुसऱ्याच्या हातात द्या आणि दहा मिनिटं हाताने किंवा पंपाने दूध काढा. पहिल्या दिवशी दहा मिली निघेल, वाईट वाटून घेऊ नका. पंपाला पान्हा बाळाएवढा फुटत नाही, त्यामुळे निघालेल्या दुधावरून तुमचं दूध किती आहे हे ठरत नाही. ते दूध पुढच्या पाजण्यानंतर बाळाला द्या. दिवसातून पाच-सहा वेळा २० ते ३० मिली, एवढ्याने सुरुवात होते. नेमकं किती ते तुमच्या डॉक्टरांनी बाळाला पाहून ठरवावं. काढलेलं दूध झाकून साध्या हवेत चार तास आणि फ्रीजमध्ये, दारात नाही तर आतल्या बाजूला, एक दिवस ठेवा. उन्हाळ्यात थेट फ्रीजमध्येच.

देताना बाटली नको. घरात बोंडलं, म्हणजे बाळाला पाजायची चोचीची छोटी वाटी, असेलच. ते उकळून घ्या. नसेल तर छोटी वाटी आणि चमचा. बाळाला जवळजवळ बसतं धरायचं, बोंडल्याची चोच खालच्या ओठाच्या कोपऱ्यावर टेकवायची, आणि दूध ओतायचं नाही. बाळ जीभ बाहेर काढून स्वतः घेतं, ते घेईल तसं कलतं करायचं. तीस मिलीला पहिल्यांदा पंधरा मिनिटं लागतात, चौथ्या दिवशी पाच.

काढलेलं दूध पुरत नसेल आणि डॉक्टरांनी सांगितलं, तर काही दिवस डब्याचं दूध द्या आणि त्याबद्दल अपराधी वाटून घेऊ नका. बाळाला पोटभर मिळणं पहिलं. फक्त तीन गोष्टी सांभाळा. अंगावर पाजणं आधी, डबा नंतर, आणि तोही मोजून. डब्यावर लिहिलेल्या मापाने आधी उकळून कोमट केलेलं पाणी, मग सपाट चमचा पावडर. "पचायला जड जाईल" म्हणून पाणी वाढवलेलं दूध पिऊन वाळलेली बाळं मी पाहिली आहेत. आणि गाईचं, म्हशीचं, शेळीचं दूध वर्षाच्या आत नको. डब्यांच्या आणि बाटल्यांच्या जाहिरातीवर १९९२ च्या कायद्याने बंदी आहे. डब्यावर बाळाचं चित्रही छापता येत नाही, ते याच कायद्यामुळे. कुणी तुम्हाला फुकट नमुन्याचा डबा हातात दिला, तर ते बेकायदेशीर आहे एवढं लक्षात ठेवा.

हे सगळं घरी सुरू करा, पण बाळाला दोन दिवसांत बालरोगतज्ज्ञांकडे न्याच. कधीकधी कारण पकडीत नसतं. काही वर्षांपूर्वी माझ्याकडे एक आई दहा आठवड्यांचा मुलगा घेऊन आली. तिला महिनाभर सगळीकडे "दूध वाढव" एवढंच सांगितलं होतं, तिने हळीवाचे लाडू खाऊन खाऊन पोट बिघडवून घेतलं होतं. मी तिला माझ्यासमोर पाजायला सांगितलं. पकड सुंदर होती. पण दोन मिनिटांत बाळाच्या कपाळावर घामाचे थेंब जमले, डिसेंबरमध्ये, पंखा बंद असताना. ते सोडायचं, धापा टाकायचं, पुन्हा ओढायचं. हृदयाच्या पडद्याला छिद्र निघालं. औषधं सुरू झाली, पुढे शस्त्रक्रिया झाली, मुलगा आज शाळेत जातो. तिच्या दुधाचा दोष कधीच नव्हता. म्हणून उद्या पाजणं बघताना कपाळही बघा, आणि बाळ झोपलेलं असताना पूर्ण एक मिनिट श्वास मोजा. या वयात मिनिटाला पन्नासच्या वर असतील तर लगेच दाखवा.

डॉक्टर जीभ खालून चिकटलेली आहे का, टाळूला फट आहे का ते बघतील. तुम्ही सांगायच्या आधीच लघवीची तपासणी सांगितली तर नवल वाटून घेऊ नका. लहान बाळांत लघवीचा जंतुसंसर्ग तापाशिवाय, नुसता वजन अडवून बसतो. जन्मानंतर थायरॉइडची तपासणी झाली नसेल तर ती करून घ्या. शीचा रंग सांगा. पिवळी किंवा हिरवट ठीक. पांढरी किंवा मातकट फिकी असेल आणि डोळे अजून पिवळे असतील तर त्याच दिवशी जा, पित्तनलिकेच्या एका आजारात एकेक दिवस मोलाचा असतो. शी तीन दिवसांतून एकदा होणं दीड महिन्यानंतर अंगावरच्या बाळांत चालतं, पण ते वजन चांगलं वाढत असताना. वजन अडलेलं आणि लंगोटही चार-पाचच, अशा वेळी मी ते कमी दूध मिळण्याचं लक्षण धरते. लंगोट दिवसाला सहा किंवा जास्त, चांगले जड, हवेत.

ताप, दूध पूर्ण नाकारणं, उठवूनही न उठणं, हिरवी उलटी, दर वेळी लांब उडणारी उलटी, आठ तास लघवी नाही, यातलं काहीही दिसलं तर वेळ न बघता दवाखाना.

आणि तुम्ही. प्रसूतीत रक्त फार गेलं होतं का? हिमोग्लोबिन आणि थायरॉइड बघून घ्या. पाळणा लांबवण्यासाठी सव्वा महिन्याच्या तपासणीत कुठली गोळी सुरू झाली का, हे मी मुद्दाम विचारते, कारण तारीख जुळते: इस्ट्रोजेन असलेल्या गोळ्यांनी दूध कमी होऊ शकतं. असेल तर स्त्रीरोगतज्ज्ञांकडून बदलून घ्या, दुसरे चांगले पर्याय आहेत. पूर्ण शाकाहारी असाल तर ब-१२ चं विचारा. आईत त्याची कमतरता असेल तर ती दुधातून बाळापर्यंत जाते.

हळीवाची खीर, डिंकाचे-मेथीचे लाडू, शतावरी आवडत असेल तर खुशाल घ्या, भुकेजलेल्या बाळंतिणीला ते चांगलंच अन्न आहे. पण वाटीभर हळीव खाऊन छाती रिकामी झाली नाही तर दूध वाढत नाही. दोन्ही वेळ पोटभर भाकरी, वरण, भाजी, अंडी किंवा मासे चालत असतील तर तेही, तहानेला पाणी. "बाळंतिणीने पाणी कमी प्यावं" हे ऐकू नका. दूध वाढवायच्या गोळ्या कुणाच्या सांगण्यावरून दुकानातून आणू नका. त्यातल्या एका नेहमीच्या गोळीचा हृदयाच्या ठोक्यांवर परिणाम होऊ शकतो, ती डॉक्टरांनीच द्यायची.

तुम्ही शेवटी एक वाक्य लिहिलंय, "वजनाच्या दिवशी मला रात्रभर झोप येत नाही." त्यावर मी बराच वेळ थांबले. बाळ झोपलेलं असतानाही झोप लागत नसेल, सारखं रडू येत असेल, बाळाला घ्यावंसं वाटत नसेल, तर हे तुमच्या डॉक्टरांना सांगा, किंवा टेलिमानस या मानसिक आरोग्याच्या सरकारी हेल्पलाइनला १४४१६ वर फोन करा, तिथे मराठीत बोलता येतं. बाळंतपणानंतरची ही उदासी औषधाने, बोलण्याने बरी होते. आणि तुमच्या आईला माझा एक निरोप द्या: लेकीला पाजायचं सोडून बाकी काही काम नको. लंगोट, बोंडलं उकळणं, ढेकर काढणं, पाहुण्यांना दारातून चहा देऊन पाठवणं, हे सगळं तुम्ही करा. दोन आठवडे. आणि "दूध पुरत नाही" हे शब्द त्या खोलीत कुणी काढायचे नाहीत.

कागदावर तीन रकाने करा: पाजलं कधी, लंगोट किती, वरचं दूध किती मिली. पहिल्या आठवड्यात १५० ग्रॅम वाढले तर आपण बरोबर वाटेवर आहोत. मागे पडलेली बाळं नंतर रोज ३५-४० ग्रॅमनीही वाढतात. सलग दोन वजनं चांगली आली की वरच्या दुधातली एक वेळ कमी करायची, तीन-चार दिवस थांबायचं, मग दुसरी. सगळं एकदम तोडू नका. आठवड्यात १०० ग्रॅमही वाढले नाहीत तर पुढच्या आठवड्याची वाट न बघता परत दाखवायचं. दहाव्या आठवड्याची लस आता आलीच आहे. त्या दिवशी हा कागद बरोबर न्या, बाळाला लसीच्या आधी उघडं करून वजन करायला सांगा, आणि लस देताना अंगावरच घ्या, दुखणंही कमी होतं आणि एक पाजणं पदरात पडतं.